उच्चारातील मूल्ये आणि व्यवहारातील लोकशाही : शालेय नागरिकशास्त्राची चिकित्सा (अंधेरीच्या विशेष संदर्भात)

सारांश : महाराष्ट्रातील शाळांमध्ये लोकशाही मूल्ये रुजवण्याचे प्रयत्न प्रतिज्ञा, मूल्यशिक्षण, उद्देशिकेचे वाचन आणि नागरिकशास्त्राचे पाठ्यपुस्तक अशा अनेक मार्गांनी झाले आहेत. या प्रयत्नांत संस्थांचे आदर्श रूप सांगण्यावर भर राहिला. त्या संस्था प्रत्यक्षात कशा चालतात, केव्हा खंडित होतात आणि अशा वेळी नागरिकाने काय करायचे असते, हा भाग वर्गाबाहेरच राहिला. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ या काळात बृहन्मुंबई महानगरपालिकेत लोकनियुक्त सभागृह अस्तित्वात नव्हते. या काळातील अंधेरीचा अनुभव समोर ठेवून शालेय नागरिकशास्त्राच्या मर्यादांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजशब्द : नागरिकशास्त्र, संविधानिक नैतिकता, स्थानिक स्वराज्य, पाठ्यपुस्तक, वर्गातील संवाद, अंधेरी.

प्रास्ताविक

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संविधानिक नैतिकतेचा प्रश्न उपस्थित केला होता. ही नैतिकता माणसात उपजत नसते. ती प्रयत्नपूर्वक जोपासावी लागते आणि आपल्या समाजाला ती अद्याप शिकायची आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. जी गोष्ट शिकायची आहे ती कुठेतरी शिकवली गेली पाहिजे, हे ओघानेच आले. आधुनिक समाजात हे काम मुख्यतः शाळेकडे सोपवले जाते. कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकर ज्यांचे विद्यार्थी होते त्या जॉन ड्यूई यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' या ग्रंथात लोकशाहीला केवळ शासनपद्धती मानले नाही. एकत्र जगण्याची आणि अनुभवांची देवाणघेवाण करण्याची ती एक रीत आहे, अशी त्यांची भूमिका होती. रीत ही व्याख्या पाठ करून येत नाही. ती वागण्यातून अंगी बाणते.

या दोन भूमिका एकत्र ठेवल्या तर शालेय नागरिकशास्त्राची एक कसोटी हाती येते. विद्यार्थ्याला लोकशाहीविषयी काय सांगता येते, हा तिचा अर्धा भाग झाला. लोकशाहीची एखादी संस्था आपल्या डोळ्यांदेखत थांबली तर ते त्याच्या लक्षात येते का, आणि त्याविषयी कोणता प्रश्न कोणाला विचारायचा हे त्याला कळते का, हा तिचा उरलेला आणि अधिक कठीण भाग होय. प्रस्तुत लेखाचा रोख या दुसऱ्या भागावर आहे.

उच्चाराची परंपरा

महाराष्ट्रातील शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष हा त्याचा परिचित क्रम आहे. प्रतिज्ञेचा मूळ मसुदा पैडीमर्री वेंकट सुब्बा राव यांनी १९६२ मध्ये तेलुगू भाषेत लिहिला आणि पुढे तो देशभरातील शाळांमध्ये पोहोचला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्यात मूल्यशिक्षणाची योजना आली. राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा ही दहा मूल्ये शाळांच्या भिंतींवर रंगवली गेली. २०१३ मध्ये शासनाने संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन शाळांमध्ये व्हावे असा निर्णय घेतला. त्याची अंमलबजावणी सर्वत्र न झाल्याने २६ जानेवारी २०२० पासून हे वाचन नियमित व्हावे, असे परिपत्रक त्या वर्षी काढावे लागले.

या परंपरेला कमी लेखण्याचे कारण नाही. रोज कानांवर पडणाऱ्या शब्दांचा संस्कार होतोच. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे शब्द ज्यांच्या घरात कधीच उच्चारले गेले नाहीत, अशा मुलांना ते शाळेने दिले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु मूल्यांच्या वरील यादीकडे बारकाईने पाहिले तर एक बाब लक्षात येते. वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा हे गुण स्त्री-पुरुष समानतेच्या पंक्तीला बसवले आहेत. मात्र मतभेद व्यक्त करणे, प्रश्न विचारणे, बहुमताचा निर्णय मान्य करूनही आपले म्हणणे मांडत राहणे आणि सत्तेकडे हिशेब मागणे यांना त्या यादीत स्वतंत्र स्थान नाही. वैज्ञानिक दृष्टिकोनात प्रश्न विचारण्याची वृत्ती गृहीत आहे असे म्हणता येईल. पण तो प्रश्न निसर्गाला विचारला जातो, कार्यालयाला नव्हे. शिस्तप्रिय विद्यार्थी आणि सजग नागरिक या दोन कल्पना या यादीत एकमेकींत मिसळल्या आहेत. त्यातून तयार होणारा आदर्श हा मुख्यतः चांगल्या मुलाचा आदर्श आहे.

हे मिश्रण आजचे नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने झालेल्या चर्चेत या विषयाच्या वसाहतकालीन उगमाकडे लक्ष वेधण्यात आले होते. वाढत्या असंतोषाच्या काळात आज्ञाधारक प्रजानन घडवण्याचा हेतू या विषयामागे होता, असे ते निरीक्षण होते. त्यानंतर राष्ट्रीय स्तरावरील उच्च प्राथमिक पाठ्यपुस्तकांनी विषयाचे नाव बदलून 'सामाजिक आणि राजकीय जीवन' असे केले. महाराष्ट्रात 'नागरिकशास्त्र' हे नाव कायम राहिले. नावाचा आग्रह दुय्यम आहे. पण नावाबरोबर आलेली सवय कितपत बदलली, हा प्रश्न दुय्यम नाही.

या दिशेने झालेला एक गंभीर प्रयत्न येथे नोंदवला पाहिजे. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील ५०० शाळांमध्ये 'मूल्यवर्धन' हा उपक्रम सुरू केला आणि पुढे शासनाच्या सहकार्याने तो राज्यातील जिल्हा परिषदांच्या शाळांमध्ये विस्तारला. संविधानातील मूल्ये जोडीने आणि गटाने करावयाच्या कृतींतून पोहोचवावीत, हा त्यामागील विचार पाठांतरापेक्षा निश्चितच पुढचा आहे. सहकार्य, ऐकून घेणे, आळीपाळीने बोलणे यांचा सराव त्यात होतो. असा सराव वर्गातील मुलामुलांच्या नात्यापुरता राहतो की सार्वजनिक संस्थांशी असलेल्या नात्यापर्यंत पोहोचतो, हा पुढचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

पाठ्यपुस्तक आणि प्रश्नपत्रिका

बालभारतीची सध्याची नागरिकशास्त्राची पुस्तके २०१६ ते २०१८ या काळात क्रमाने आली. सहावीत स्थानिक शासनसंस्था, सातवीत संविधानाची उद्देशिका, मूलभूत हक्क आणि कर्तव्ये, आठवीत संसद, कार्यकारी मंडळ आणि न्यायव्यवस्था, दहावीत निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी आणि लोकशाहीसमोरील आव्हाने असा हा क्रम आहे. रचनेच्या दृष्टीने तो सुसंगत आहे. सातवीचे संपूर्ण नागरिकशास्त्र संविधानाला देण्याचा निर्णय स्वागतार्ह होता. एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातून लोकशाही आणि विविधता, जनसंघर्ष आणि चळवळी, लोकशाहीसमोरील आव्हाने ही प्रकरणे वगळली. चळवळींना आणि आव्हानांना स्थान देणारे राज्य मंडळाचे २०१८ चे पुस्तक त्या तुलनेत अधिक उदार ठरते. अंधेरीसारख्या उपनगरात राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई अशा तिन्ही मंडळांच्या शाळा जवळजवळ आहेत. एकाच इमारतीतील मुले लोकशाहीविषयी निरनिराळ्या गोष्टी वाचतात, हे वास्तव पालकांच्याही फारसे ध्यानात येत नाही.

तथापि, या पुस्तकांची मांडणी प्रामुख्याने वर्णनात्मक आहे. संस्था कशी असते, तिचे सदस्य किती, कार्यकाळ किती, अधिकार कोणते, असा तिचा ओघ असतो. दहावीतील आव्हानांची चर्चासुद्धा दहशतवाद, भ्रष्टाचार, राजकारणाचे गुन्हेगारीकरण अशा मोठ्या मथळ्यांखाली होते. त्या मथळ्यांपुढे चौदा-पंधरा वर्षांचा विद्यार्थी प्रेक्षकच राहतो. आपल्या वॉर्डातील निर्णय कोणी घेतला हे शोधण्याची वाट त्याला तेथे सापडत नाही.

प्रश्नपत्रिका ही मर्यादा आणखी पक्की करते. दहावीला इतिहास व राज्यशास्त्र यांची मिळून ४० गुणांची लेखी परीक्षा होते आणि त्यात राज्यशास्त्राचा वाटा लहान असतो. योग्य पर्याय निवडणे, संकल्पना स्पष्ट करणे, विधान चूक की बरोबर ते सकारण सांगणे, संकल्पनाचित्र पूर्ण करणे हे प्रश्नांचे ठरलेले साचे आहेत. सकारण उत्तराच्या प्रश्नात विचाराला वाव आहे. परंतु कारणही मार्गदर्शकात छापलेले असते आणि विद्यार्थी तेच लिहितो. चूक की बरोबर हे आधीच ठरलेल्या विधानावर मतभेद संभवत नाही. ज्या विषयाचा प्राणच मतभेदाची व्यवस्था लावण्यात आहे, त्या विषयाच्या परीक्षेत दोन भिन्न आणि तरीही ग्राह्य उत्तरे जवळपास येतच नाहीत, ही विसंगती शिक्षणक्षेत्राने सवयीने स्वीकारली आहे.

आंतरराष्ट्रीय अनुभव येथे विचारात घेण्यासारखा आहे. १९९९ मध्ये २८ देशांतील सुमारे ९०,००० चौदा वर्षीय विद्यार्थ्यांचा नागरी शिक्षणविषयक अभ्यास करण्यात आला. भारत त्यात सहभागी नव्हता. ज्या वर्गात विद्यार्थ्यांना मोकळेपणाने मत मांडता येते, त्या वर्गातील विद्यार्थ्यांचे नागरी ज्ञान आणि पुढे मतदान करण्याची त्यांची तयारी ही दोन्ही अधिक आढळतात, हा त्यातील एक महत्त्वाचा निष्कर्ष होता. म्हणजे मोकळी चर्चा ही ज्ञानाच्या आड येत नाही. उलट ज्ञान पक्के होण्याची ती एक अट ठरते.

अंधेरी : २०२२ ते २०२६

पाठ्यपुस्तकातील संस्था आणि प्रत्यक्षातील संस्था यांच्यातील अंतर किती वाढू शकते, याचे ठळक उदाहरण अलीकडच्या काळात मुंबईतच घडले. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांचा कार्यकाळ पाच वर्षांचा ठरवला आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी, असे कलम २४३-यू मध्ये नमूद केले. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या २२७ जागांसाठी २१ फेब्रुवारी २०१७ रोजी निवडणूक झाली होती. त्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. पुढची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधली जवळपास तीन वर्षे दहा महिने महापालिकेचा कारभार राज्य शासनाने नेमलेल्या प्रशासकाकडे होता. या काळात नगरसेवक नव्हते, महापौर नव्हते, स्थायी समिती नव्हती आणि प्रभाग समित्याही नव्हत्या. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे महापालिकेचा अर्थसंकल्प लोकनियुक्त सभागृहातील चर्चेविना मंजूर झाला. त्यांपैकी २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता.

या विलंबाची कारणे गुंतागुंतीची होती. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिलेला निर्णय, त्यानंतर बांठिया आयोगाचा अहवाल, प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ करणे आणि २०२२ मध्ये ती पुन्हा २२७ वर आणणे, त्यावरील याचिका आणि न्यायालयाचे 'जैसे थे' आदेश अशी ही साखळी आहे. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका चार महिन्यांत घेण्याचा आदेश दिला आणि पुढे ही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली. एका पक्षाच्या माथी सारा दोष मारून ही साखळी समजत नाही. प्रातिनिधिक लोकशाही, सामाजिक न्याय आणि न्यायालयीन प्रक्रिया यांचे परस्परसंबंध उलगडले तरच ती समजते. आठवी आणि दहावीच्या नागरिकशास्त्रातील बहुतेक संकल्पना या एकाच घटनाक्रमात एकवटल्या आहेत.

याचा शाळेशी असलेला संबंध कालगणनेने स्पष्ट होतो. जून २०२२ मध्ये अंधेरीतील ज्या मुलीने सहावीत प्रवेश घेतला, तिने त्या वर्षी महानगरपालिकेचा धडा वाचला. नगरसेवक निवडून येतात, त्यांचा कार्यकाळ पाच वर्षांचा असतो, महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात, ही सारी माहिती तिने लिहिली आणि तिला गुण मिळाले. तिची सहावी, सातवी, आठवी आणि नववीचा मोठा भाग संपेपर्यंत तिच्या प्रभागाला एकही नगरसेवक नव्हता. पुस्तकात चूक नव्हती. ते संविधानाशी सुसंगतच होते. पण पुस्तकातील वाक्य आणि खिडकीबाहेरील वस्तुस्थिती यांचा मेळ बसत नसताना शाळेने त्याविषयी अवाक्षर काढले नाही, तर ती मुलगी दोनच निष्कर्ष काढू शकते. पुस्तकात लिहिलेले खरे नसते, हा एक; किंवा खरे काय आहे याची चौकशी करण्याचे कारण नसते, हा दुसरा. पहिल्यातून तुच्छता जन्मते, दुसऱ्यातून उदासीनता. या दोहोंना नागरिकत्वाचे शिक्षण म्हणता येणार नाही.

याच काळात अंधेरी पूर्व विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. आमदार रमेश लटके यांचे मे २०२२ मध्ये निधन झाल्याने ही जागा रिक्त झाली होती. उमेदवार ऋतुजा लटके या महापालिकेच्या कर्मचारी होत्या. त्यांचा राजीनामा स्वीकारण्याचा वाद उच्च न्यायालयात गेला आणि १३ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाने तो स्वीकारण्याचा आदेश महापालिकेला दिला. पुढे भारतीय जनता पक्षाने आपला उमेदवार मागे घेतला. ३ नोव्हेंबरला मतदान झाले ते केवळ ३१.७४ टक्के. श्रीमती लटके ६६,५३० मते मिळवून विजयी झाल्या आणि दुसऱ्या क्रमांकाची, म्हणजे १२,८०६ मते 'वरीलपैकी कोणीही नाही' अर्थात नोटा या पर्यायाला पडली.

शिक्षणाच्या दृष्टीने ही निवडणूक म्हणजे तयार पाठ होता. शासकीय कर्मचाऱ्याला निवडणूक लढवण्यापूर्वी राजीनामा का द्यावा लागतो? तो स्वीकारला गेला नाही तर दाद कोठे मागता येते? नोटाचा पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयाने आला. मग त्याला सर्वाधिक मते पडली तर काय होते? विधानसभेच्या निवडणुकीत नोटाचा निकालावर परिणाम होत नाही. परंतु राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढलेल्या आदेशानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणुकीची तरतूद झाली. एकाच मतदाराच्या एकाच बटणाचे दोन निवडणुकांत दोन अर्थ का असावेत? दहा मतदारांपैकी जवळपास सात जण घरी का राहिले? यांतील एकाही प्रश्नाला पक्षीय उत्तर देण्याची गरज नाही आणि एकाचेही उत्तर पाठ करून येणारे नाही.

पोटनिवडणुकीचा निकाल ६ नोव्हेंबर २०२२ रोजी लागला आणि दुसऱ्याच दिवशी, ७ नोव्हेंबरला, अंधेरी पूर्व आणि पश्चिम यांना जोडणारा गोपाळ कृष्ण गोखले पूल धोकादायक ठरल्याने वाहतुकीसाठी बंद करण्यात आला. या पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ रोजी रेल्वेमार्गावर कोसळला होता. पुनर्बांधणीनंतर त्याची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली, तेव्हा लगतच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तिची उंची जुळत नसल्याचे दिसून आले. ही जोडणी जुलै २०२४ मध्ये झाली आणि पूल पूर्ण क्षमतेने मे २०२५ मध्ये खुला झाला. रुळांवरचा भाग रेल्वेच्या अखत्यारीत आणि पोहोचमार्ग महापालिकेच्या, अशी त्याची विभागणी होती. शाळेसाठी पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या मुलांनी या निर्णयांचे परिणाम रोज सोसले. केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था यांच्यातील अधिकारांचे वाटप हा धडा त्यांना तक्ता पाहून शिकण्याची गरज नव्हती. विलंबाविषयी सभागृहात प्रश्न विचारणारा लोकप्रतिनिधीच त्या काळात महापालिकेत नव्हता, ही गोष्ट वर्गात कोणीतरी सांगायला हवी होती. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडणाऱ्या गोखल्यांचे नाव त्या पुलाला आहे. शिक्षण आणि नागरी कारभार हे दोन विषय वेगळे नाहीत, हे गोखल्यांच्या सार्वजनिक जीवनातून दिसते.

शिक्षकाच्या मौनाची कारणे

या साऱ्याचा दोष शिक्षकावर ढकलणे सोपे आहे; पण ते न्याय्य नाही. महापालिकेच्या शाळेतील शिक्षक ज्या संस्थेचा कारभार तपासायला मुलांना शिकवणार, त्याच संस्थेचा तो कर्मचारी असतो. खासगी शाळेतील शिक्षकाला व्यवस्थापनाची आणि पालकांची मर्जी सांभाळावी लागते. वर्गात उच्चारलेले वाक्य संध्याकाळपर्यंत पालकांच्या मोबाइलवर संदर्भ सोडून फिरू शकते, ही भीती निराधार नाही. अभ्यासक्रम पूर्ण करण्याचे दडपण वेगळेच. इतिहास आणि नागरिकशास्त्र यांच्या एकत्रित तासिकांत नागरिकशास्त्र वर्षअखेरीस उरकले जाते, हे अनेक शाळांचे वास्तव आहे.

शिक्षकाचे आणि निवडणुकीचे नाते मात्र अगदी जवळचे आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण या कामांसाठी शिक्षकांची नेमणूक करता येते. शाळेच्या वर्गखोल्या मतदान केंद्रे होतात, शिक्षक मतदान अधिकारी होतात आणि विद्यार्थ्यांना सुट्टी मिळते. लोकशाहीची सर्वांत महत्त्वाची कृती शाळेच्या इमारतीत, शाळेच्या शिक्षकांकडून पार पडते. तिच्याविषयी शाळेतच बोलले जात नाही. मतदार यादीत नाव कसे येते, ओळख कशी पटवतात, आक्षेप कसा नोंदवतात, मतदान यंत्र कसे मोहोरबंद होते, हे सारे शिक्षकाने स्वतः हाताळलेले असते. हे अनुभवज्ञान दुसऱ्या दिवशीच्या तासाला उपयोगात आणण्यास कोणताही नियम मनाई करत नाही.

शाळा नावाची संस्था

मूल्यांचा सर्वांत प्रभावी पाठ शाळेच्या रचनेतून मिळतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत व्यवस्थापन समितीची तरतूद केली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असा नियम आहे. प्रत्यक्षात या समितीच्या बैठकीचा वृत्तान्त विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला, तर स्थानिक लोकशाहीचा तो पहिला दस्तऐवज ठरेल. त्याऐवजी बहुतेक शाळांत 'शालेय मंत्रिमंडळ' निवडले जाते. त्याला खाती असतात, बिल्ले असतात, शपथविधी असतो. पण निर्णय घेण्यासाठी एकही विषय सोपवलेला नसतो. अधिकाराविना होणारी निवडणूक मुलांना निवडणुकीचे नाटक शिकवते.

समतेच्या बाबतीतही हेच म्हणता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून एक किलोमीटरच्या परिसरात शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढील महिन्यात तो निर्णय कायम ठेवला. उपनगरातील दाट वस्तीत एक किलोमीटरच्या आत महापालिकेची शाळा नसलेली खासगी शाळा शोधूनच काढावी लागेल. म्हणजे हा बदल टिकला असता तर अंधेरीसारख्या भागात एका बाकावर चाळीतले आणि टॉवरमधले मूल येण्याची उरलीसुरली शक्यताही जवळपास संपली असती. बंधुतेचा धडा वाचणाऱ्या वर्गात बंधू म्हणावा असा वेगळ्या परिस्थितीतला सोबतीच नसेल, तर तो शब्द हवेत राहतो.

महाविद्यालयांनीही या प्रश्नाकडे दुरून पाहू नये. महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४ नंतर विद्यार्थी प्रतिनिधित्व गुणवत्तेवर आधारित नेमणुकीकडे वळले. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा आणली; परंतु २०१९ मध्ये जाहीर झालेले वेळापत्रकही पुढे ढकलण्यात आले. निवडणुकीतील हिंसाचाराचा पूर्वानुभव हे बंदीमागचे सबळ कारण होते, हे मान्य करावे लागेल. मात्र प्रातिनिधिक व्यवहाराचा सराव शाळेत नाही आणि महाविद्यालयातही नाही, तर तो विद्यार्थ्याला प्रथम मिळतो तो पक्षीय कार्यकर्ता म्हणून रस्त्यावर. ज्या हिंसेच्या भीतीने सराव थांबवला, तिला अटकाव करण्याची क्षमताही त्यामुळे घडत नाही.

एक आक्षेप

या मांडणीवर एक महत्त्वाचा आक्षेप येऊ शकतो. चालू घटना वर्गात आणल्या तर राजकारण वर्गात येईल, शिक्षक आपली मते लादतील आणि कोवळ्या वयातील मुलांचा संस्थांवरील विश्वास डळमळेल, असे म्हटले जाते. यातील पहिली दोन भये खरी आहेत. परंतु सार्वजनिक संस्थेविषयीची पडताळता येणारी वस्तुस्थिती आणि पक्षाविषयीचे मत यांत भेद करता येतो. निवडणूक किती दिवस लांबली, कोणत्या आदेशाने लांबली, अर्थसंकल्प कोणी मंजूर केला, हे अधिकृत कागदपत्रांतून दाखवता येते. त्याबद्दल कोणाला मत द्यावे, हे सांगणे शिक्षकाचे काम नाही. हा भेद स्वतः पाळून दाखवणे, हाच नागरिकशास्त्राचा एक उत्तम पाठ आहे.

विश्वास डळमळण्याच्या मुद्द्याचा विचार उलट बाजूने करावा लागतो. संस्था सदैव आदर्श असतात असे शिकवून निर्माण केलेला विश्वास पहिल्याच अनुभवाला तडा जाणारा असतो. संस्था थांबू शकतात, नागरिक याचिका करू शकतात, न्यायालय आदेश देऊ शकते आणि अखेर निवडणूक होऊ शकते, हे माहीत असलेला विद्यार्थी अधिक टिकाऊ विश्वास बाळगतो. २०२२ ते २०२६ चा घटनाक्रम हा लोकशाहीच्या खंडाचा जसा आहे, तसाच तिच्या पुन्हा सुरू होण्याचाही आहे. दोन्ही बाजू सांगितल्या तरच तो पूर्ण होतो.

समारोप

शालेय नागरिकशास्त्राची मुख्य उणीव माहितीची नाही. माहिती आणि वस्तुस्थिती शेजारी ठेवण्याची पद्धत त्यात नाही, ही ती उणीव आहे. त्यासाठी नव्या विषयाची वा नव्या दिनाची आवश्यकता नाही. सहावीचा महानगरपालिकेचा धडा शिकवताना आपल्या प्रभागाचा नकाशा, विभाग कार्यालयाचा पत्ता, अर्थसंकल्पातील शिक्षणाचे पान आणि लोकप्रतिनिधीचे नाव वर्गात यावे. दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनात स्थानिक प्रश्नाचा कागदपत्रांवर आधारित शोध घ्यावा आणि त्यात भिन्न निष्कर्षांना समान मान असावा. अध्यापक विद्यालयांनी मतभेदाची चर्चा चालवण्याचे कौशल्य हे अध्यापनकौशल्य म्हणून शिकवावे. शालेय मंत्रिमंडळाला एक तरी खरा निर्णय सोपवावा, मग तो वाचनालयाच्या वेळेचा का असेना. उद्देशिकेचे वाचन चालूच राहावे. पण आठवड्यातून एकदा तिच्यातील एक शब्द घेऊन, तो आपल्या परिसरात कोठे दिसतो आणि कोठे दिसत नाही, याची चर्चा व्हावी.

मार्च २०२२ मध्ये सहावीत असलेले विद्यार्थी २०२६ मध्ये दहावीच्या परीक्षेला बसले. २०२८ मध्ये ते पदवी वर्गात येतील आणि त्याच सुमारास मतदार होतील. महापालिकेतील नगरसेवकांविना गेलेला काळ त्यांच्या शालेय जीवनाचा मोठा भाग होता. त्या काळाचा अर्थ त्यांना शाळेत कोणी सांगितला नसेल, तर तो सांगण्याची जबाबदारी आता महाविद्यालयीन अध्यापकांवर येते.